ट्रेलर मागं घेताना

परवा रविवारी दुपारी स्कूटरवर चिकलठाण्याकडं निघालो होतो. जालना रोडवर एका कॉलेजच्या फाटकापुढं ही गर्दी! आया झाडाच्या सावलीला, सावली पुरेना म्हणून गाड्यांच्या आडोशाला, आणि बाप लोक सरळ उन्हात. एकजण पोरीच्या कागदांच्या फाईलनं स्वतःला वारा घालत होता. दुसरा फाटकाचे गज धरून आत बघत होता. आत मोकळं मैदान होतं, तरी बघत होता. मला लगेच कळलं, आज मेडिकलची परीक्षा. मी स्कूटर जोरात दामटली आणि पुढच्या चौकातला लाल सिग्नल तोडून निघून गेलो. पन्नाशीच्या माणसाला हे शोभत नाही, पण गेलो.

ह्या परीक्षेचं नाव नीट. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं, त्याला मराठी येत नसणार. मराठी घरात दिवसातून पन्नास वेळा लागणारा शब्द आहे हो हा. नीट बस, नीट जेव, दार नीट लाव, गॅस नीट बंद केला का बघ. दोन वर्षांमागं आमच्या सांचीचा ह्या परीक्षेचा दुसरा प्रयत्न हुकला आणि आमच्या घरात हा शब्दच बंद पडला. कुणी ठरवलं नाही, बैठक घेतली नाही, आपोआप बंद पडला. तिची मम्मी म्हणायची, ‘दार व्यवस्थित लावा.’ मी म्हणायचो, ‘कूलरमधलं पाणी बराबर भर.’ शेजारच्या काकूंना काय माहीत? त्या गॅलरीतून विचारायच्या, ‘काय म्हणती पोरगी? नीट आहे ना?’ की आम्ही दोघं नवरा-बायको एकदम खोकायला लागायचो.

तो उन्हाळा मला आठवतो तो वासांनी. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास. नळ यायच्या दिवशी धुतलेल्या ड्रमांचा वास. माठाशेजारच्या ओल्या फडक्याचा. आणि तिच्या खोलीत तापलेल्या कम्प्युटरचा, गरम प्लास्टिकसारखा. आता मे आला, कूलर बाहेर काढला, पहिल्यांदा लावला, की वाळ्याचा वास येतो आणि मी जागच्या जागी उभा राहतो. बायको विचारते, ‘काय झालं?’ मी म्हणतो, ‘कुठं काय.’

परीक्षेहून ती आली त्या दिवशी छान बोलली होती. दोन पोळ्या खाल्ल्या. मग दोन-तीन दिवसांनी बरोबर उत्तरांचा कागद मोबाईलवर आला, तिनं स्वतःची उत्तरं ताडून बघितली आणि बाहेर येऊन म्हणाली, ‘नाय झालं.’ एवढंच. त्यानंतर तिनं बोलणंच सोडलं. रडली असती तर बरं झालं असतं. आदळआपट केली असती, मला शिव्या घातल्या असत्या, तरी चाललं असतं. ताटावर बसायची, दोन घास इकडंतिकडं करायची आणि उठायची. डोळ्याला डोळा द्यायची नाही.

आम्ही घाबरलो. घाबरलो म्हणजे काय, ते स्पष्टच लिहितो, कारण तेव्हा आम्ही ते एकमेकांनाही स्पष्ट बोललो नाही. पोरगी जीवाचं काही बरंवाईट करून घेईल ही भीती. पेपर उघडला की तसलीच बातमी दिसायची. म्हणून मी पेपर बंद केला. डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं. बाई चांगल्या होत्या. त्यांनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं, आणि आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘एकटं सोडू नका. सोबत बसा. बोललंच पाहिजे असं नाही, नुसतं बसा.’ घरी येऊन मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली. ती खुर्चीत बसून बघत होती. ‘ढिली झाली होती,’ मी म्हणालो. एवढं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

बायको पॅकिंगच्या कंपनीत, सकाळी सात ते तीन. मी माझी पाळी बदलून संध्याकाळची घेतली. म्हणजे सकाळपासून तीनपर्यंत सांचीजवळ मी, पुढं तिची मम्मी. आमची ड्युटी अशी लागली होती आणि ही ड्युटी आहे हे पोरीला कळू द्यायचं नव्हतं. काय पण हुशारी आमची!

मी काट्यावर कामाला आहे. वजनकाट्यावर. माल भरलेला ट्रक येतो, लोखंडी फळीवर उभा राहतो, आकडा पडतो, मी पावती फाडतो. पंचवीस वर्षं झाली. ट्रकांत जन्म गेला म्हणा, पण चालवायला एकदाही बसलो नाही. केबिनमधून मी दिवसभर एकच ओरडतो, ‘ड्रायव्हर खाली?’ कारण ड्रायव्हर गाडीत बसून राहिला तर त्याचं वजन मालात धरलं जातं. खाली उतरायला त्यांच्या जिवावर येतं. चौदा-चौदा तास बसून आलेला माणूस, पाय आखडलेले असतात. काही जण नुसते हात हलवतात, ‘लिहा की, साहब, सत्तर किलोनं काय होतंय.’

सांची लहानपणी सुट्टीत काट्यावर यायची. दहा वर्षांची असंल. एकदा गाड्या नव्हत्या तेव्हा मी तिला फळीवर उभं केलं. साठ टनांच्या काट्यावर ती एवढीशी पोर. आकडा पडला तीस किलो. मी कौतुकानं पावती छापली. पावतीवर गाडी नंबराचा रकाना असतो, तिथं टाकलं ‘सांची’. आणि मालाचा रकाना असतो, जिथं आम्ही सरकी, सळई, मका असं लिहितो, तिथं मी टाकलं ‘डॉक्टर’. पोरगी केवढी हसली होती! ती पावती तिनं अभ्यासाच्या टेबलावर भिंतीला चिकटवून ठेवली. आठ-नऊ वर्षं ती तिथं होती. त्या उन्हाळ्यात मी तिच्या खोलीत बसायला गेलो तेव्हा भिंतीवर नुसता चिकटपट्टीचा डाग होता.

ती करायची काय, तर गेम खेळायची. ट्रक चालवायचा गेम. कम्प्युटर आम्ही क्लासचे व्हिडिओ बघायला घेतला होता, तिच्या मामेभावानं त्यात कधीतरी हा गेम टाकून दिलेला. तोपर्यंत मला वाटायचं गेम म्हणजे मारामारी, बंदुका, धाडधाड. ह्यात काहीच नाही. कुठल्यातरी थंड देशातले रस्ते. माल घ्यायचा, सहाशे किलोमीटरवर पोचवायचा. समोर काच, काचेपलीकडं हिरवी शेतं, गाई, पवनचक्क्या. मधेच पाऊस, काचेवरून वायपर फिरतोय. बाहेर आमच्या गल्लीत बेचाळीस डिग्री, कुत्री गटारीत बसलेली, आणि इथं पाऊस. कुणी मागं लागलेलं नाही, कुणी पुढं गेलं तरी फरक पडत नाही. ती चार-चार तास चालवायची. मी प्लास्टिकचं स्टूल घेऊन बाजूला बसायचो, क्लिनरसारखा.

पहिल्या दिवशी मी किंचाळलोच. ‘अगं, राँग साईडनं चाललीस! समोरून येईल की कोणी!’ तिनं मान वळवली नाही. थोड्या वेळानं माझ्याच लक्षात आलं, त्या देशात सगळेच उजवीकडून चालतात. मी ओशाळून पाणी प्यायला गेलो. असल्या माणसानं पोरीला रस्ता दाखवायचा होता.

मग बोलायला काहीतरी पाहिजे म्हणून मी त्या गावांचं बारसं करायला लागलो. पाट्या वाचता येत नव्हत्या. नदी आली, मोठा पूल आला, की मी म्हणायचो, ‘आलं पैठण.’ चढ लागला की ‘दौलताबादचा घाट’. कारखान्यांची धुरांडी दिसली की ‘घे, आपलं चिकलठाणा’. एकटाच बोलायचो. घसा कोरडा पडायचा. बायको तीनला सुटून आली की दारातूनच भुवया उडवून विचारायची, बोलली का? मी मान हलवायचो, नाही. असे किती दिवस गेले कोण जाणे. दहा गेले असतील, पंधरा गेले असतील.

दुपारची लाईट जायची, ते सगळ्यात वाईट. पंखा थांबायचा, कूलर थांबायचा, कम्प्युटरचा पडदा काळा. ट्रक कुठंतरी मधल्या रस्त्यात तसाच राहायचा. आणि सांची उठायची नाही. त्या काळ्या पडद्याकडं बघत, बोटं तशीच बटणांवर ठेवून, बसून राहायची. पडद्यात तिचाच चेहरा दिसत असणार तिला. मी म्हणायचो, ‘येईल लाईट.’ जुन्या वहीनं तिला वारा घालायचो. मानेवरून घाम ओघळायचा तो ती पुसायचीसुद्धा नाही. काय विचारावं? विचारलं आणि तिनं खरं सांगितलं तर काय करावं? लोक मला गमतीनं म्हणतात, तुम्ही नुसत्या चाकांकडं बघून गाडीत किती टन आहे ते सांगता. सांगतो की. पण हातभर अंतरावर बसलेल्या माझ्या लेकीच्या मनात काय आहे, ते मला कळत नव्हतं. काय जाळायचंय ते टन? मी वारा घालत राहायचो. हात भरून यायचा, मग दुसऱ्या हातानं.

एक दिवस मात्र, पूल आला आणि मी ठरल्याप्रमाणं म्हणालो, ‘आलं पैठण.’ ती म्हणाली, ‘पैठणला एवढी झाडं कुठंयत?’

तिचा आवाज बसला होता. कितीतरी दिवसांत वापरलेला नव्हता ना. मी इतका घाबरलो की हसू की बोलू कळेना. ‘व्हय, व्हय,’ म्हणालो, ‘तिथं झाडं कमीच.’ मी स्वयंपाकघरात गेलो, बायकोला फोन लावला आणि सांगितलं, पैठणला झाडं नाहीत म्हणाली. ती पॅकिंगच्या लाईनीवर उभी होती, मागं मशिनचा आवाज. ‘काय?’ म्हणाली. मी परत सांगितलं. ती तिकडं रडायला लागली.

ट्रक चालवण्यात पोरगी हुशार होती, पण शेवटाला अडायची. माल पोचला की ट्रकला जोडलेला ट्रेलर मागं घेऊन एका चौकोनात लावावा लागतो. ते तिला जमायचं नाही. पुढं, मागं, पुढं, मागं. ट्रेलर भलतीकडंच जायचा. अर्धा-अर्धा तास तेच. मला बघवायचं नाही. काट्यावर रोज माझ्या डोळ्यांसमोर लोक हे करतात, पण कसं करतात ते मी कधी बघितलंच नव्हतं. म्हणून एका संध्याकाळी रफीकभाईंना विचारलं. सरकीच्या ट्रेलरवरचे जुने ड्रायव्हर.

‘कौन चला रा?’ ते म्हणाले.

‘मेरी लडकी.’

‘बेटी? कौनसी गाडी?’

‘कम्प्युटर पे है, भाई. गेम.’

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. हातातला चहा कट्ट्यावर ठेवला आणि दोन्ही हात हवेत धरून दाखवायला लागले. ‘देखो मियाँ, ट्रेलर को जिधर लेना, स्टेरिंग उसके उल्टा. शुरू में दिमाग नै मानता. और आहिस्ता. जल्दी किए तो गया काम से.’ मी पावतीच्या मागं चित्र काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते चित्र घेऊन मी स्टुलावर बसलो. चला, आज बापाच्या हातून काहीतरी होणार. माल पोचला. ती मागं घ्यायला लागली. ‘रफीकभाई म्हणतात, उलटं फिरव,’ मी म्हणालो. तिनं फिरवलं. ट्रेलर वळला. ‘हां हां, येऊ दे, येऊ दे!’ मी स्टुलावरून उठलो. ‘अजून, अजून, येऊ दे…’ आणि चौकोनाच्या तोंडाशी येऊन ट्रेलर पुन्हा तिरका झाला. मी ओरडलो, ‘अगं नीट! नीट घे ना, नीट!’

तीनदा. महिनाभर जपलेला शब्द मी तीनदा फेकला तिच्या अंगावर. जीभ झडावी असं वाटलं.

तिनं बटणांवरचे हात काढले. पडद्याकडं बघतच म्हणाली, ‘नीट नाय होत, पप्पा, माझ्याच्यानं.’

आणि मग ती रडली. बाप रे, काय रडली! टेबलावर डोकं ठेवून, खांदे हलवत, लहानपणी रडायची तशी, शेंबूड येईस्तोवर. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी म्हणालो, ‘नको होऊ दे. तिरकंच राहू दे. कोण बघतंय?’

बऱ्याच वेळानं ती शांत झाली. नाक पुसलं. एक बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी इंग्रजीत आलं, आणि ट्रेलर लागला, माल उतरला, काम पूर्ण. मी बघतच राहिलो. ‘हे काय केलंस?’

‘हे असतं,’ ती म्हणाली. ‘मागं लावायचं नसलं तर सोडून देता येतं. माल पोचला धरतात. फक्त ते जादा पॉइंट मिळत नाहीत.’

‘पहिल्यापास्नं होतं हे बटण?’

‘होतंच की.’

‘मग रोज कशाला मरत होतीस अर्धा-अर्धा तास?’

तिनं खांदे उडवले. मी स्टुलावर बसलो. मला स्वतःचीच चीड आली, खरं सांगतो. पाचवीपासून मी ह्या पोरीच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर माझ्या चांगल्या अक्षरात डॉक्टर सांची असं लिहून देत होतो. जयंतीच्या मिरवणुकीत लोकांना ओळख करून द्यायचो, ही आमची डॉक्टर. आमच्या घरात पहिली कॉलेजात गेलेली मुलगी, वस्तीतली पहिली डॉक्टर होणार, असं मीच सांगत फिरायचो. सोडून दिलं तरी चालतं, माल पोचला धरतात, असं काही असतं, हे मी तिला कधी सांगितलं? मलाच ठाऊक नव्हतं तर सांगणार काय?

एका रडण्यानं सगळं मिटलं असं कुणी समजू नये. मलाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गप्प होती. जूनमध्ये निकाल लागला, आकडा तिनं ताडला होता तोच आला. नातेवाइकांचे फोन आले, मी उचलले नाहीत. गोळ्या चालू होत्या. आता ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणी आहेत, हसते, मम्मीशी कचाकचा भांडते. तरी कधी कधी दोन-दोन दिवस तिचे डोळे तसे होतात. फोन उचलला नाही की मी काट्यावर गाडी फळीवर तशीच सोडून बाहेर येतो आणि पुन्हा पुन्हा लावतो. ती वैतागते, ‘पप्पा, लेक्चर चालू होतं.’ मी म्हणतो, ‘सहज केला होता.’ तिला काय झालं होतं, कुठवर गेलं होतं, कशानं मागं आलं, आलं का पूर्ण, ह्यातलं मला आजही काही माहीत नाही. बापाला माहीत असायला पाहिजे असं सगळे म्हणतात. नाही माहीत.

त्याच उन्हाळ्यातली एक दुपार मात्र माझ्याकडं आहे. निकालाच्या आधीचीच. तोवर मला झोप अशी लागतच नव्हती. बायको डुलकी घ्यायची तेव्हा मी जागा, मी पडलो की कान त्या दाराकडं. त्या दुपारी कूलरचा गार वारा होता, पडद्यावर लांबच लांब सरळ रस्ता होता, दोन्हीकडं पिवळी शेतं. माझी मान खाली पडायची, मी झटक्यानं वर घ्यायचो. ‘छान चाललाय ट्रक,’ असं काहीतरी बरळायचो. पुन्हा मान खाली. एकदा तर स्टुलावरून घसरलोच, टेबलाचा कोपरा धरला म्हणून वाचलो.

सांचीनं गाडी बाजूला घेतली. इंडिकेटर लावून, रस्ता सोडून, थांबवली. मग पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघितलं. किती वेळ बघत होती. मला वाटतं, माझे पिकलेले दाढीचे खुंट, सुजलेले डोळे, सगळं बघितलं तिनं.

‘पप्पा,’ ती म्हणाली, ‘जा, पडा जरा. मी कुठं जात नाय.’